एकवीस देव, प्रत्येकी एकदाच

चाकाचा शोध लावणारा माणूस थोर असेलच. पण ते चाक खरंच फिरतंय का, हे शेजारी उकिडवं बसून पाहणारा दुसरा माणूस नसता, तर मानवजात अजून गुहेच्या तोंडाशीच बसलेली असती. संस्कृती म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, पडताळणी. असं अभिमन्यू घाटगेचं ठाम मत होतं. हे मत तो बहुधा सकाळी सव्वासहाला यशवंतपूरच्या मेट्रो स्टेशनावर मांडत असे, आणि त्या वेळी त्याच्या एका पायात काळा मोजा असे, दुसऱ्यात निळा.

त्याची बायको मुग्धा मत ऐकून घेई, मोज्यांकडे बघे आणि काही बोलत नसे. लग्नाला चारच महिने झाले होते.

दोघंही महादेवपुऱ्यात एकाच कंपनीत कामाला. कंपनीचं सॉफ्टवेअर अपार्टमेंटच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी किती उरलंय ते बघतं, आणि पाणी तळाला गेलं की टँकरवाल्याला निरोप धाडतं. मार्च महिन्यात ज्यानं बेंगळूरात अंघोळ करायचा प्रयत्न केला आहे, त्याला या कामाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आता हे सॉफ्टवेअर नीट चालतं का, ते दिवसातून शंभर वेळा तपासावं लागतं. आणि दर वेळी खरा टँकर बोलावला तर ऑफिस वाहून जाईल. म्हणून तपासताना खऱ्या टँकरवाल्याच्या जागी एक खोटा टँकरवाला उभा करतात. त्याला मॉक म्हणतात. हा मॉक पाणी आणत नाही, हॉर्न वाजवत नाही, वॉचमनशी भांडत नाही. तो फक्त लक्षात ठेवतो: मला कोणी बोलावलं, किती वेळा बोलावलं, काय सांगून बोलावलं. शेवटी त्याला विचारायचं, बाबा रे, तुला एकदाच बोलावलं ना? सहा हजार लिटरच सांगितलं ना? तो हो म्हणाला की टेस्ट पास, पडद्यावर हिरवी खूण. पाण्याचा थेंब कुठेही नाही, पण सगळ्यांना समाधान.

अभिमन्यूचं मुग्धावर प्रेम बसलं तेही याच खात्यात. ती पुण्याहून नवीन आली आणि त्यानं लिहिलेल्या टेस्ट तपासायला तिच्याकडे गेल्या. पहिल्या टेस्टखाली तिनं लिहिलं, "बोलावलं हे कळलं. किती वेळा?" दुसरीखाली लिहिलं, "नक्की कोणाला?" आणि तिसरीखाली, "आणि दुसऱ्या कोणाला नाही ना?" इतक्या आस्थेनं त्याची चौकशी आजवर एकाच बाईनं केली होती. ती म्हणजे त्याची आत्या.

सकवारबाई घाटगे, वय चौऱ्याहत्तर. घाटगे मंडळी साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून बेंगळूरात आली आणि परत जायचं म्हणता म्हणता राहून गेलं. ट्रॅफिक हे कारण त्या काळीही सांगत असावेत. अभिमन्यूचे आईवडील तो लहान असतानाच गेले, तेव्हापासून त्याला आत्यानं वाढवलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो गूळ आणायला पाठवलं, तरी परत आल्यावर उंबऱ्यातच तपासणी होई. "गेलास? कोण होतं गल्ल्यावर? काय म्हणालास? एकदाच म्हणालास ना? आणि आणखी भलतं काही मागितलं नाहीस ना?" बाकीची मुलं टेस्ट लिहायला कॉलेजात शिकतात. अभिमन्यू गूळ आणता आणता शिकला.

लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं आणि नवराबायको आत्याच्या घरी, यशवंतपुरात राहू लागले. तिथून महादेवपुरा म्हणजे शहराचं दुसरं टोक. मेट्रो, मॅजेस्टिकला गाडी बदलायची, पुन्हा मेट्रो, मग ऑटो. जाऊन-येऊन साडेतीन तास. चार महिन्यांत मुग्धाला उभ्यानं झोपता येऊ लागलं. शेवटी दोघांनी ऑफिसजवळ एक फ्लॅट शोधला. मालकीण सुप्रीता मॅडम म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत थांबते. एक तारखेला दुसरं जोडपं किल्ली न्यायला येणार आहे."

अभिमन्यूनं हे आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "जा ना. मी कुठं अडवलंय? गोंधळ झाला की जा."

इथे गोंधळ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ऑफिसात रोज होतो तो वेगळा. लग्नानंतर घरात कुलदैवताचा गोंधळ घालतात. गोंधळी संबळ वाजवतो, दिवटी पेटवतो आणि गावोगावच्या देवांना नाव घेऊन घेऊन बोलावतो. सगळे देव आले, त्यांनी जोडी बघितली, नैवेद्य घेतला, की मग ते लग्न पक्कं. घाटग्यांच्या यादीत एकवीस देव. प्रत्येकाला एकदाच बोलवायचं, ठरलेल्या क्रमानं.

आणि सकवारबाईंचं दुःख असं की मागच्या खेपेला, म्हणजे अभिमन्यूच्या वडिलांच्या लग्नात, गोंधळ्यानं एक देव गाळला होता. पिंपरणीचा भैरोबा. पिंपरणी कुठं आहे ते घाटग्यांपैकी कोणालाही ठाऊक नाही, पण भैरोबाला घाटगे कुठं आहेत ते पक्कं ठाऊक असावं. त्यानंतर भावाची स्कूटर चोरीला गेली, पाण्याच्या टाकीला तडा गेला, भावाची बदली रायचूरला झाली, आणि त्याहूनही वाईट बरंच काही झालं, ज्याबद्दल आत्या बोलत नसे.

"या वेळी मला खात्री पाहिजे," ती म्हणाली. "खात्री असल्याशिवाय जोडीला घराबाहेर पाठवणार नाही. एक तारीख असो नाही तर एकतीस."

गोंधळी मिळाला तो गुंडो. वय पंचेचाळीस, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम. आठवडाभर लोखंड केसाच्या जाडीपर्यंत मोजून कापायचा आणि रविवारी बापाकडून आलेला गोंधळ घालायचा. पण बापाचा गोंधळ त्याच्याकडे पूर्ण आला नव्हता. "थोडं स्वल्प इकडचं तिकडं होतं अक्का," तो म्हणाला. "ऐनवेळी तोंडात येईल ते नाव घेतो. आजवर कोणी तक्रार नाही केली."

"देव कशाला येतील तक्रार करायला," सकवारबाई म्हणाल्या. "ते स्कूटर नेतात."

तेव्हा अभिमन्यूला ती कल्पना सुचली. महिनाअखेरपर्यंत चार रविवार होते. शेवटच्या रविवारी हॉल घेऊन खरा गोंधळ घालायचा, आणि त्याआधीच्या तीन रविवारी घरीच चाचणी.

"देवांना तीन तीनदा बोलवायचं?" आत्यानं विचारलं.

"देवांना नाही. त्यांच्या जागी सुपाऱ्या मांडायच्या. गुंडोकाका हाक मारतील, आणि ज्याला हाक मारली ती सुपारी तू उचलून दुसऱ्या ताटात ठेवायची. शेवटी बघायचं, कोणाला हाक पोहोचली आणि कोणाला नाही. आम्ही टँकरचं हेच करतो." आणि त्यानं तिला मॉक समजावून सांगितला.

आत्यानं डोळे बारीक केले. "म्हणजे खोट्या टँकरवाल्याला खरी हाक."

"हो."

"आणि तो आला की नाही?"

"तो येतच नाही आत्या. येणं-न येणं दुसरं खातं बघतं. आपण बोलावलं की नाही, एवढंच आपण बघायचं."

"मग देवाचंही तसंच आहे," आत्या म्हणाली. "बोलावणं आपल्याकडे, येणं त्यांच्याकडे. सरी. मांड सुपाऱ्या." कानडीतलं हे 'सरी' म्हणजे ठीक आहे.

पहिल्या रविवारी एका स्टीलच्या ताटात एकवीस सुपाऱ्या ठेवल्या. गुंडो संबळ घेऊन बसला, त्याचा मेव्हणा तुणतुणं घेऊन बसला, आणि हाका सुरू झाल्या. दर हाकेला सकवारबाई एक सुपारी इकडून तिकडे. शेवटची हाक आणि शेवटची सुपारी एकाच वेळी संपली.

"एकवीसला एकवीस," आत्या म्हणाली. "पास."

मुग्धा कोपऱ्यात कागद-पेन घेऊन बसली होती. "आत्या, आकडा बरोबर आहे. पण तुळजापूरला दोनदा बोलावलं आणि पिंपरणीला एकदाही नाही."

मेव्हण्यानं तुणतुण्याची तार उगाच पिळली.

"आईला दोनदा बोलावलं तर बिघडलं काय?" गुंडो म्हणाला. "आई आहे ती."

"मग दोन टँकर येतात," अभिमन्यू सवयीनं बोलून गेला.

सकवारबाई सुनेकडे बघत राहिल्या. पुण्याची मुलगी म्हणून चार महिने त्यांनी तिला जरा लांबच ठेवलं होतं. आता त्या म्हणाल्या, "नुसतं मोजून भागत नाही, नाव बघावं लागतं, हे तुला कोणी शिकवलं?"

"माझं कामच आहे ते आत्या."

"मग माझ्या शेजारी बस. तिकडं कोपऱ्यात काय बसलीस?"

दुसऱ्या रविवारी बंदोबस्त वाढला. सुपाऱ्या थेट ताटात बऱ्या दिसत नाहीत म्हणून आत्यानं पाट मांडला, त्यावर तांदूळ पसरले. मुग्धानं प्रत्येक सुपारीखाली नावाची चिठ्ठी ठेवली. ज्याचं नाव येईल तीच सुपारी उचलायची. रांग सोडून नाव आलं तर लगेच थांबवायचं. गुंडो घरून पाठ करून आला होता. पहिली सात नावं अगदी ओळीनं आली. आठवं आलं आणि सकवारबाईंचा हात पाटावर नुसता फिरत राहिला. उचलायला सुपारीच नव्हती.

"थांब. ही कोण?"

"अण्णम्मा," गुंडो म्हणाला. "बेंगळूरची देवी. माझी बस रोज तिच्या देवळावरून जाते. बेंगळूरात राहायचं आणि तिला सोडून बाकी सगळ्या गावाला बोलवायचं, बरं दिसतं का अक्का?"

"यादीत नाही."

"यादी घोड्यावर बसून केलेली आहे अक्का. तेव्हा कुठं माहीत होतं इथंच राहणार म्हणून?"

"यादीबाहेर एकही हाक जाता कामा नये. गोंधळ नापास."

मुग्धानं हळूच तोंड उघडलं. "आत्या, बाकी सगळ्या हाका बरोबर जात असतील, तर एका जास्तीच्या हाकेसाठी पाडू नये. फार ताणून तपासलं की टेस्ट ठिसूळ होते. उद्या गुंडोकाका मध्ये खोकले तरी तुम्ही नापास कराल."

"करीनच. देवाला हाक मारताना खोकतात का?"

"पण जास्तीची हाक गेल्यानं नुकसान काय झालं?"

"जास्तीचं पान लागलं. साठ माणसांचा स्वयंपाक सांगितलाय."

"देवी किती खाणार आत्या?"

"तू तिला विचारलंस?"

दोघी अभिमन्यूकडे वळल्या. "दोघींचंही बरोबर आहे," तो म्हणाला. चार महिन्यांत हे वाक्य त्याच्या जिभेवर चांगलं बसलं होतं.

शेवटी सकवारबाईंनीच विचार केला. एकदा नाव घेतलेल्या देवीला पुढच्या खेपेला वगळायचं, म्हणजे न बोलावण्याहून वाईट. त्या आत गेल्या आणि आणखी एक सुपारी घेऊन आल्या. मुग्धानं बाविसावी चिठ्ठी लिहिली.

"म्हणजे गोंधळ चुकला म्हणून आपण यादीच बदलली," अभिमन्यू म्हणाला.

"मग? तुमच्या ऑफिसात काय करतात?"

त्यानं जरा विचार केला. "तेच करतात."

तिसऱ्या रविवारी सकाळी आत्यानं सुपाऱ्यांना हळद-कुंकू लावलं. कोरड्या सुपाऱ्या पाटावर ओक्याबोक्या दिसतात, एवढंच तिचं म्हणणं. मुग्धानं कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलातून सगळ्यांसाठी चौ चौ भात मागवला होता, म्हणजे एका पुडीत उपम्यासारखा खारा भात आणि शिऱ्यासारखा केसरी भात शेजारी शेजारी. टेबलावर संबळाची पिशवी होती म्हणून पुड्या पाटाजवळच ठेवल्या. गुंडोनं डोळे मिटले आणि सुरू केलं. बावीस नावं, प्रत्येकी एकदाच, क्रमानं, आणि बाहेरचं एकही नाही. भैरोबाचं नाव आलं तेव्हा सकवारबाईंनी सुपारी दोन्ही हातांनी उचलली. गुंडो खोकलासुद्धा नाही.

मुग्धानं कागदावर शेवटची खूण केली आणि कागद आत्यापुढे धरला. आत्यानं तो वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला.

"सरी," ती म्हणाली.

सकवारबाईंच्या तोंडून ओळीत एकटा येणारा हा शब्द ऐकण्यासाठी अभिमन्यूला दहावीत शहाण्णव टक्के मिळवावे लागले होते. मुग्धानं त्याच दिवशी सुप्रीता मॅडमना कळवलं की पुढच्या सोमवारी किल्ली न्यायला येतो.

चौथा रविवार. यशवंतपुरातल्या एका कार्यालयाचा छोटा हॉल, अकरा ते दोन; अडीचला तिथेच दुसऱ्यांचं बारसं. रात्रभर जागून गोंधळ घालण्याचे दिवस गेले. चौक मांडला, कलश ठेवला, नव्या कोऱ्या बावीस सुपाऱ्या पानांवर बसवल्या. साठ माणसं आली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून बसली. सव्वाअकराला गुंडो आला. इस्त्रीचा शर्ट, नवी पँट, सोबत बायको, आणि हातात चकचकीत कागदात बांधलेली भेटवस्तू.

"गुंडो, संबळ कुठंय?" सकवारबाईंनी विचारलं.

"घरी."

"आणि दिवटी?"

"तीपण घरीच. कशाला अक्का? आज जेवण ना?"

"आज गोंधळ आहे."

गुंडोनं भेटवस्तू या हातातून त्या हातात घेतली. "गोंधळ तर झाला. मागच्या रविवारी पूर्ण झाला. तुम्हीच सरी म्हणालात."

"ती चाचणी होती गुंडोकाका," अभिमन्यू पुढे आला. "सुपाऱ्यांवर. खोटी खोटी."

"चाचणी तुमची होती अण्णा. हाक तर माझी होती ना? मी खरीच मारली. माझ्याकडं खोटी हाक नाही. बापानं एकच शिकवलीय."

"पण देव नव्हते तिथं. सुपाऱ्या होत्या."

"सुपारी पाटावर ठेवली, तांदूळ घातले, हळद-कुंकू लावलं, नाव घेऊन बोलावलं. आता आणखी काय करतात देव आणायला?" त्याचा स्वर लेथवरच्या माणसाचा होता, माप हातात आहे, वाद कसला. "मला वाटलं, आजकालची माणसं, हप्त्यानं घालून घेताहेत गोंधळ. पहिल्यात चुकलं, दुसऱ्यात चुकलं, तिसऱ्यात जमलं. आता चौथ्यांदा कसा हाका मारू? एकदाच बोलवायचं, हे तुम्हीच शिकवलं मला."

मुग्धानं कपाळाला हात लावला. "अभि," ती हळूच म्हणाली, "मॉक समजून आपण खऱ्यालाच जोडलं होतं."

टँकरच्या बाबतीत हे स्वप्न अभिमन्यूला वर्षातून दोनदा पडायचं: तपासण्यासाठी मारलेली प्रत्येक हाक खरीच पोहोचली आहे, आणि गल्लीत चाळीस टँकर हॉर्न वाजवत उभे आहेत. देवांच्या बाबतीत मात्र पहिल्यांदाच.

पण सकवारबाईंचं तसं नव्हतं. त्यांच्या मनात दुसराच हिशेब चालू होता, आणि तो चेहऱ्यावर उमटत होता.

"हळद-कुंकू मीच लावलं," त्या म्हणाल्या. "आणि पाठवणी केली नाही."

"म्हणजे?" मुग्धानं विचारलं.

"बोलावलेल्या देवाला परत जायला सांगावं लागतं. आपण सांगितलंच नाही. मी सुपाऱ्या गोळा केल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. ते सगळे अजून घरीच आहेत. आठवडाभर. जिऱ्याच्या डब्याशेजारी."

साठ माणसांपैकी पुढच्या रांगेतल्या आठ-दहा जणांपर्यंत हे पोहोचलं आणि तिथून मागे सरकत गेलं. मागच्या रांगेत पोहोचेपर्यंत त्याचं 'पाहुणे जिऱ्यावर आहेत' असं झालं होतं, आणि त्यामुळे तिकडे जेवणाबद्दल काळजी सुरू झाली.

"मग सोपं आहे," अभिमन्यू म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे एक तारीख होती, सुप्रीता मॅडम होत्या आणि किल्ली मागायला आलेलं दुसरं जोडपं होतं. "मागच्या रविवारचा गोंधळ आपण स्वतः तपासलाय, बावीसच्या बावीस बरोबर. तोच खरा धरायचा. मी घरी जाऊन डबा आणतो. देव आधीच आलेले आहेत. इथं नैवेद्य दाखवायचा, आणि गुंडोकाका पाठवणी करतील. हाक दुसऱ्यांदा मारावीच लागत नाही."

"इतके दिवस उपाशी," आत्या म्हणाली.

"उपाशी कसे? चौ चौ भात पाटाजवळच होता."

सकवारबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग गुंडोकडे पाहिलं.

"चालतो," गुंडो म्हणाला. "साडेतीनशे वर्षं इथं येताहेत. केसरी भात त्यांना नवीन नाही."

आत्यानं मान हलवली. अभिमन्यू ऑटो करून गेला आणि वीस मिनिटांत पितळेचा डबा छातीशी धरून आला. पानांवरच्या नव्या सुपाऱ्या काढल्या, त्या जागी जुन्या मांडायच्या म्हणून मुग्धानं डबा उपडा केला आणि सवयीनं मोजल्या.

"एकवीस."

"बरोबर," अभिमन्यू म्हणाला.

"बावीस हव्यात. अण्णम्मा धरून."

तिनं पुन्हा मोजल्या. एकवीसच. डबा हलवून पाहिला. चिठ्ठ्या त्या रविवारीच केर काढताना गेल्या होत्या, त्यामुळे कोण आलं आणि कोण नाही हे सांगायला मार्ग नव्हता. पिंपरणीचं नाव कोणी उच्चारलं नाही. सगळ्यांच्या मनात मात्र तेवढंच होतं.

अभिमन्यूला महादेवपुऱ्याचा फ्लॅट दूर जाताना दिसला. खात्री असल्याशिवाय पाठवणार नाही, हे आत्याचे शब्द, आणि आत्या शब्द मागे घेत नसे.

तेवढ्यात गुंडो, जो बिचारा नुसता वेळ भरून काढत होता, म्हणाला, "अक्का, सांगायचंच राहिलं. गुरुवारी हॉलचा पत्ता विचारायला आलो तेव्हा तुम्ही विडा दिलात ना, त्यातली सुपारी फार छान होती. जुनी असणार. जरा हळदीचा वास होता, पण बरा लागला."

सकवारबाईंच्या चेहऱ्यावर पानदान दिसत होतं, पानदानातला सुपारीचा रिकामा कप्पा दिसत होता, आणि हाताशी असलेला पितळेचा डबाही दिसत होता. अडकित्ताही दिसत होता.

मुग्धाला सगळं समजलं. तिनं पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं. "आत्या, कोणता गेला ते शोधायचं असेल तर..."

"शोधायचं नाही," सकवारबाई म्हणाल्या.

"निदान पुन्हा मोजून..."

"मोजायचं पण नाही. कार्यात मोजत बसतात का कोणी? देव आहेत, टँकर नाहीत."

हे वाक्य सकवारबाई घाटगे यांनी चौऱ्याहत्तर वर्षांत प्रथमच उच्चारलं. मग त्यांनी शेजारच्या विड्यांच्या ताटाकडे हात नेला, पदराखालून एक सुपारी उचलली, इतर सुपाऱ्यांत हलकेच सरकवली, तिला बोटानं हळद-कुंकू टेकवलं, आणि सुनेकडे पाहून म्हणाल्या, "आता बघ."

मुग्धानं बघितलं. "बावीस," ती म्हणाली.

"सरी."

नैवेद्य दाखवला. पाठवणीला संबळ नव्हता. गुंडोनं आपल्याच भेटवस्तूचा कागद सोडला, आतून स्टीलचा मोठा डबा निघाला, तो मांडीवर उपडा घेऊन त्यानं त्यावर ताल धरला, आणि बावीस देवांना एकेकाचं नाव घेऊन, क्रमानं, परत जायला सांगितलं. एका नावाला त्याचा आवाज जरा घशात अडकला, पण ते त्यानं खोकून निभावलं. सकवारबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

दीड वाजता पंगत उठली. अभिमन्यू आणि मुग्धा आत्याच्या पाया पडले. तिनं दोघांना उभं केलं आणि त्यांचे खांदे धरून बराच वेळ बघत राहिली. हॉलचा माणूस बारशाचे फुगे घेऊन दारात थांबला होता, तोही थांबूनच राहिला.

"जा," ती म्हणाली. "उद्याच जा. उभ्यानं झोपणारी सून मला बघवत नाही. आपली माणसं घोड्यावर बसून एवढ्या लांब आली, तुम्ही तर मेट्रोनं जाणार. कुठंही राहा, जिथं राहाल तिथं देव येतात. आता मला खात्री आहे." तिनं दोघांचे खांदे सोडले. "फक्त रोज सकाळी पोहोचल्यावर मला फोन करायचा. एकदाच. आणि एक मागणं आहे, नाही म्हणू नकोस."

"काय आत्या?" अभिमन्यूनं विचारलं. मुग्धानं त्याचा हात धरला.

आत्यानं कमरेची पिशवी सोडली, त्यातून मोबाईल काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"ही चंद्रकोरीची खूण आलीय बघ वरती. दिवाळीपासून कोणाचा फोन आला तरी वाजतच नाही. तेवढी काढून दे."